सख्ख्या भावाचा पुरावा

सरकारी कचेरीत तीस वर्षं शिक्के मारून निवृत्त झालेल्या कृष्णनाथाचा माणसांवर विश्वास होता. तो फक्त पुराव्यासकट असावा, एवढंच त्याचं म्हणणं.

मुलाच्या, साईशच्या लग्नाआधी पेडण्याच्या वडिलोपार्जित घराला एक खोली जोडायची, तर धाकट्या भावाची, वास्कोच्या सुभाषची संमती हवी. "सख्खो भाव तो! कागद घेवन जावा, सही करतलो," बायको पद्मावती म्हणाली. पण कृष्णनाथ पडला दीडशहाणा. त्याने फोन लावला आणि गुपचूप रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

सुभाष बिचारा भाबडा. "दादा, बांध खुशाल. माझी हरकत नाय," म्हणाला. मग त्याचा आवाज खाली गेला. "माझी नोकरी गेली, दोन म्हयने झाले. बायलेक, हर्षाक सांगूचा धाडस होयना. तू कोणाक सांगा नको."

"छे छे, वेडो काय!" म्हणत कृष्णनाथाने रेकॉर्डिंग सेव्ह झाल्याची खात्री केली.

आता प्रश्न उरला एकच: न सांगता केलेलं रेकॉर्डिंग कायद्याला चालतं का? न्हाव्याने ऐकून 'चलता' म्हटलं. मोपा विमानतळावरच्या टॅक्सीवाल्याने 'गुन्हो' म्हटलं आणि नीट ऐकायला स्वतःच्या फोनवर मागून घेतलं. पाव घेऊन आलेल्या पोदेराने सायकल लावून शेवटपर्यंत ऐकलं आणि मान खाली घातली. कृष्णनाथाच्या कानात मात्र 'हरकत नाय' तेवढंच शिरत होतं. पुढचं सगळं त्याच्या लेखी किरकोळ.

वकीलबाई गौरवींनी कपाळाला हात लावला. "स्वतःचा कॉल रेकॉर्ड केलात म्हणून बहुधा कोणी तुरुंगात घालणार नाही. कोर्ट मानील की नाही, ते कोर्ट जाणे. पण खोलीला आवाज नको, सही हवी. भावाची, आणि आपल्या गोव्याच्या कायद्याने त्याच्या बायकोचीही."

म्हणजे आणखी एक कॉल! कृष्णनाथाने हर्षाला फोन लावला, आवाजात साखर घातली आणि सवयीने बटण दाबलं.

"सही देतंय, दादा," हर्षा म्हणाली. "नोकरेचा माका पयल्या दिसापासून ठावूक होता. तरी रोज डबो भरून देतंय, त्याका ताठ मानेन घराभायर पडूक मेळूचा म्हणान. काल कोणीतरी त्याका तुमचा रेकॉर्डिंग धाडल्यान. आज डबो ओट्यारच रवलो."

कृष्णनाथाच्या डोळ्यांसमोर भावाचं तोंड आलं. "त्याका... त्याका फोन दी," तो कसाबसा म्हणाला.

पलीकडे काही कुजबुज झाली.

"घेता म्हणता," हर्षा म्हणाली. "पण दादा, तो पयलीं विचारता, रेकॉर्डिंग चालू आसा काय?"