तीन किलोमीटरचा चमत्कार

सकाळी सात चाळीसला निळ्या मोटारीच्या डॅशबोर्डवरचा, इंजिनातला बिघाड सांगणारा पिवळा दिवा विझला. आवारात जमलेल्या साठेक माणसांनी टाळ्या वाजवल्या. गाडी सतरा वर्षांची, दिवा पाच महिन्यांचा.

विझवणारे दिवेबुवा. दर शुक्रवारी ते भंगाराच्या आवारात बसतात. पांढरे कपडे, पांढरे बूट, तेलाचा एक डाग नाही. त्या दिवशी रांगेत अकरा गाड्या होत्या. पद्धत ठरलेली: सगळ्यांनी उतरून डोळे मिटायचे, बुवांनी एकट्याने आत बसायचं, एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा त्याच्या खाली, अंधारात. याला ते गाडीची नाडी म्हणतात.

“गाडी रुसलीय, ताई,” बुवा काच खाली करून म्हणाले. “तुम्ही तिला यंत्र समजता.”

“पाच महिने दीडपट पेट्रोल पितेय हो.”

“दुःखात माणूसही पितो!” गर्दी खूश झाली. “आता सरळ तपासणी केंद्रावर न्या. वाटेत थांबू नका, इंजिन बंद करू नका. आणि मनात शंका आणू नका. शंका आली की दिवा परत येतो.”

ही शेवटची अट मोठी सोयीची. दिवा विझला तर बुवांची शक्ती, परत लागला तर मालकिणीचं मन.

मालकीण शाळेत ग्रंथपाल. तिला चमत्काराची हौस नव्हती, घाई होती. गाडीच्या धूर-तपासणीच्या प्रमाणपत्राची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. धाकट्या भावाचं डायलिसिस दुसऱ्या दिवशी पहाटे साडेसहाला, चाळीस किलोमीटरवर. त्या वेळेला तिकडे बस जात नाही.

“नाडी बघायला एकांत कशाला लागतो गं?” भावाने गाडीत बसता बसता विचारलं.

“गप्प बस. शंका आणू नकोस.”

त्यांच्या मामाचं गॅरेज आहे. महिन्यापूर्वीच त्याने सांगितलं होतं की धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर गेलाय आणि गंजून जाम बसलाय. हा सेन्सर धुरात किती ऑक्सिजन उरला ते इंजिनला कळवतो. तो खोटं सांगू लागला की इंजिन नको तितकं पेट्रोल ओढतं. “अर्धा दिवस लागेल. काढताना आटे गेले तर नळीही बदलावी लागेल कदाचित,” मामा म्हणाला होता. खरं बोलणाऱ्याची पंचाईत ही, की त्याला ‘कदाचित’ म्हणावं लागतं. बुवांच्या तोंडी तो शब्द नाही.

केंद्रावर तपासनीस बाईंनी वायर जोडली, पडदा पाहिला आणि मान हलवली.

“तपासणी होणार नाही. गाडीच्या संगणकाची मेमरी पुसलीय, बिघाडांची नोंदच उरली नाही.”

“कोणी?”

“ते यात येत नाही. कधी ते येतं. पुसल्यापासून गाडी तीन किलोमीटर चाललीय.” बाईंनी मागची गाडी घेतली. तीन. तिच्या मागची. तीन. “तुम्ही सगळे कुठून आलात?”

भंगाराचं आवार केंद्रापासून बरोबर तीन किलोमीटरवर आहे.

“म्हणजे बुवांनी स्मृतीसुद्धा शुद्ध केली!” तिसऱ्या गाडीतले निवृत्त हेडमास्तर भारावून म्हणाले.

रांगेच्या शेवटी एक टेम्पो होता. त्याचा दिवा लखलखीत पेटलेला. टेम्पोवाला बुवांकडे गेलाच नव्हता. बाईंनी त्याची परवानगी घेतली, खिशातून काडेपेटीएवढं यंत्र काढलं, स्टिअरिंगखालच्या खाचेत खोचलं, बटण दाबलं. दिवा विझला.

“मी मंत्र म्हटला नाही. तुम्ही डोळे मिटले नाहीत. हे यंत्र दुकानात मिळतं.”

“पण विझला ना!” हेडमास्तर म्हणाले.

“विझला. बिघाड आहे तिथेच आहे. शे-दोनशे किलोमीटरमध्ये इंजिनाला तो पुन्हा सापडेल. मास्तर, मुलाचं प्रगतिपुस्तक खोडरबराने पुसलं तर तो पास होतो का?”

हेडमास्तरांनी हातातल्या किल्लीकडे पाहिलं.

दहा वाजता निळी गाडी मामाच्या गॅरेजमध्ये होती.

“या! माझ्या पान्यापेक्षा त्या बुवाचा पंजा बरा वाटला होय?”

“मामा, नंतर बोल हवं तेवढं. आज पाचच्या आत होईल?”

“कदाचित.”

इंजिन गरम असतानाच त्याने गंज सोडवणारं तेल मारलं आणि वीस मिनिटं चहा पीत बसला. मग सेन्सरच्या वायरसाठी फट ठेवलेला पाना लावला. आधी थोडं आवळलं, मग थोडं सोडलं. पुन्हा तेल, पुन्हा आवळणं. पावणेदोनला आतून कर्रकन आवाज आला. ताईने डोळे मिटले.

“उघड. आटे शाबूत आहेत.”

काजळीने माखलेला जुना सेन्सर त्याने तिच्या तळहातावर ठेवला. नव्याच्या आट्यांना पुन्हा जाम न होण्यासाठी बोटभर मलम लावलं, टोकाला लागू दिलं नाही, आणि हाताने फिरवून बसवला. शेवटी त्यानेही तसलंच काडेपेटीएवढं यंत्र खोचून मेमरी पुसली. भाऊ हसला. “मग तुझ्यात आणि बुवात फरक काय?”

“मी आधी वाचलं, मग दुरुस्त केलं, मग पुसलं. त्याने नुसतं पुसलं.”

दिव्याचं काम निरोप देण्याचं असतं. तो कोणी विझवला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारावं: बिघाड काय होता, आणि काढलेला भाग कुठे आहे? प्रामाणिक कारागीर तो भाग हातात ठेवतो. हा प्रश्न विचारायला इंजिन कळावं लागत नाही, डोळे तेवढे उघडे लागतात.

पुसलेल्या गाडीला इंजिनाच्या स्वतःच्या चार तपासण्या पुन्हा पूर्ण कराव्या लागतात, आणि त्या गाडी चालवूनच होतात. ताई आणि भाऊ अडीच तास महामार्गावर फिरले. पाच वाजून दहा मिनिटांनी केंद्राच्या पडद्यावर बिघाड शून्य, धूर स्वच्छ, चारपैकी तीन तपासण्या पूर्ण. चौथी, रात्रभर थंड झालेलं इंजिन सुरू केल्याशिवाय होत नाही. केंद्र सहाला बंद होतं.

या वयाच्या गाडीला एक तपासणी अपुरी चालते का, हे विचारायला तपासनीस बाईंनी वरच्या कार्यालयाला फोन लावला आहे. पाच चाळीस झाले. पलीकडच्या माणसाने थांबायला सांगितलं आहे.