टाक्कोची दावण

"टाक्कोला लांब पाठवू नकोस गं. गुरं बसली नाहीत तर रान उपाशी राहील," झुवैराला तिच्या सासूनं, तबावानं बजावलं होतं.

झुवैरा मारादी शहरातल्या कॉलेजात शिकलेली. शेणावरची माशी लेकीच्या ओठांवर बसली की ती धावत जाऊन हाकलायची. "रानाला गोणीतलं खत घालू, आई. पोरीला काही झालं तर?"

बाजरी निघाली की गुरं घेऊन फिरणाऱ्या फुलानी जमातीतली टाक्को आपल्या नवऱ्यासोबत झुवैराच्याच रानात शेणखतासाठी गुरं बसवायची. वासरांची दावण घराला लागून असायची. त्या साली झुवैरानं दावणीची खुंटी स्वतः उपटून बांधापलीकडे ठोकली. यजमानानं खुंटी हलवली की फुलानी माणूस वाद घालत नाही, वाट धरतो. टाक्को तेव्हा पोटुशी होती.

"माझ्यापेक्षा माश्या बऱ्या म्हणायच्या, निदान न विचारता घरात तरी येतात!" टाक्को हसत म्हणाली आणि गुरांमागून दक्षिणेला, देशाच्या सीमेकडे चालू लागली.

पुढच्या हंगामात गोणीतलं खत पडलं, पण पाऊस लांबला. बाजरी गुडघ्याएवढीच राहिली, पाण्याविना त्या खतानं पिवळी पडून करपली.

"रान सुधारेल," तबावा म्हणाली, "शेण पडू दे थोडी वर्षं. पण ती टाक्को पोर कुठं गेली गं?"

सीमेवर गुरं लुटणारे फिरतात. दुसरे कळप परतले, टाक्को नाही. लेकीला कडेवर घेऊन झुवैरा येणाऱ्या प्रत्येक गुराख्याला विचारते.

तुम्हालाही झुवैराचं एवढंच सांगणं आहे: सीमेकडच्या गुरांच्या बाजाराला गेलात, तर टाक्कोची चौकशी करा. ती बाळंत झाली का, माय-लेकरू दोघं सुखरूप आहेत का, तेवढं बघून या.