गरम इंजिन बंद करायचं नाही

आमच्या गाडीचा एकच नियम होता: गरम इंजिन बंद करायचं नाही. केलं, तर ते निवेपर्यंत पुन्हा सुरू होत नसे. दोष एका छोट्या सेन्सरचा. पण तो सुटा मिळत नाही, त्याच्याबरोबर इंधनाचा अख्खा पंप बदलावा लागतो. त्याची किंमत ऐकल्यापासून पप्पांनी सर्व्हिस सेंटरचा रस्ताच सोडला. गोडदेवच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं, पाहिलं आणि पुन्हा लावलं. "इसमें अपना पाना नहीं चलता, साहब."

त्यामुळे भाजी घ्यायला उतरलो तरी एकजण चालू गाडीत बसून राहायचा. विकायला काढली, तर गिऱ्हाईक आधी गाडी बंद-चालू करूनच बघणार. तरी पप्पा तिची बाजू घ्यायचे, कारण मायलेज: लिटरला बावीस. हा आकडा ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगत.

त्या सोमवारी अकरा वाजता ठाण्यातल्या एका पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत माझी मुलाखत होती. एम.एस्सी. झाल्यानंतरचं पहिलंच बोलावणं. मी रिक्षाने जाणार होते.

"घरात गाडी असताना?" पप्पा म्हणाले. पूनम सागरमधल्या घरून आम्ही वेळेत निघालो.

वरसाव्याच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं. दोन्ही बाजूंना पत्रे, मध्ये एकच लेन. सगळं थांबलं. डॅशबोर्डवर सरासरी मायलेज उतरू लागलं. एकवीस. वीस पूर्णांक चार.

"उगाच जळतंय गं पेट्रोल, संघू."

"जळू दे. किल्लीला हात लावू नका."

"कुठे लावतोय?"

एकोणीस दिसले आणि पप्पांनी किल्ली फिरवली. रिकाम्या खोलीतला पंखा बंद करतात, तितक्या सहज. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

नेमकी तेव्हाच पुढची गाडी हलली. तिच्यापुढच्याही हलल्या आणि वळणापलीकडे गेल्या. आम्ही तिथेच. मागे हॉर्न सुरू झाले.

"अंकल, साइड में लो ना!"

"साइड है किधर?" पप्पा ओरडले.

मी उतरून रिक्षा शोधायला पुढे धावले आणि थांबले. पुढचा रस्ता पूर्ण मोकळा होता. मला ठाण्याला नेऊ शकेल असं प्रत्येक वाहन आमच्या गाडीच्या मागे अडकलं होतं. पत्र्यांमधून बाइकसुद्धा निघत नव्हती. कुणालाही सोडवायचं, तर आधी आमची गाडी पत्रे संपत होते त्या वळणापर्यंत न्यायला हवी होती.

मी परत येऊन गाडी ढकलू लागले. मागच्या टेम्पोवाल्यानेही हात लावला. "मॅडम, कपड़े खराब होंगे," तो म्हणाला. ते झालेच होते. गाडी मुंगीच्या चालीने सरकली.

तेवढ्यात पुढच्या सीटवर माझा फोन वाजला. इंजिन बंद असलं की स्टिअरिंग इतकं जड होतं, की दोन्ही हात लागतात. पप्पांनी एक हात सोडून फोन उचलला. गाडी हळूच डावीकडे गेली आणि तिचं नाक पत्र्यात रुतलं. मी ढकललं. टेम्पोवाल्याने ढकललं. ती पुढेही जाईना, मागेही येईना.

"हो मॅडम, पोचतेच आहे ती," पप्पा आत फोनवर प्रयोगशाळेला सांगत होते. "स्वतःच्या गाडीने येतेय."