पंपडॉक्टरांची फूटपट्टी

"आणि हा बघा, काका. एकदम नवा. ह्याच्या पडद्यावर तुमचा फोटोसुद्धा लावता येतो," दुकानदार म्हणाला आणि त्याने आणखी एक खोका काउंटरवर ठेवला.

"माझा फोटो? कॉम्प्युटरच्या पोटात?" डॉक्टरांनी विचारलं. "तिथे बघणार कोण, आणि बघून करणार काय?"

लेक हसली. दुकानदारही हसला, पण खोका काही त्याने मागे घेतला नाही.

हे डॉक्टर औषधाचे नव्हेत बरं का. शहराच्या पंपघरात त्यांनी चौतीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढली होती. पंप कुरकुरायला लागला की ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याला टेकवायचे, मूठ कानामागे धरायचे आणि डोळे मिटून निदान सांगायचे, "बेअरिंग गेलंय," नाहीतर "हवा धरलीय." ही तऱ्हा पाहून कुणीतरी त्यांना डॉक्टर म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. गल्लीत नव्याने राहायला आलेले एक आजोबा तर गुडघा दाखवायला दारात येऊन उभे राहिले होते. ह्यांनी त्यांना चहा पाजला आणि वंगण कमी पडतंय असं सांगून परत पाठवलं.

आज मात्र पेशंट वेगळा होता. लेक पुस्तकं वाचून त्यांचं ध्वनिमुद्रण करायची. घरातली अडगळीची खोली तिने रिकामी केली होती, भिंतींना जुन्या रजया ठोकल्या होत्या आणि शाळकरी बाकाएवढ्या टेबलावर माइक ठेवला होता. आवाज गोड, उच्चार स्वच्छ, सगळं काही होतं. पण जुन्या कॉम्प्युटरचा पंखा असा घोंघावायचा की एका मोठ्या प्रकाशन संस्थेने तिचा नमुना परत पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "वाचन उत्तम. मागे गिरणी चालू आहे का?" नवा नमुना शुक्रवारपर्यंत द्यायचा होता. तो पसंत पडला तर वर्षभराचं काम, आणि नाही पडला तर तिला पुन्हा टेलिफोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या नोकरीत जावं लागणार होतं. त्या नोकरीतून ती रोज तोंड पाडून घरी यायची, ते डॉक्टरांनी दोन वर्षं पाहिलं होतं. म्हणून ती आता छोटा, गप्प बसणारा कॉम्प्युटर स्वतः जुळवणार होती.

"कॉम्प्युटरच्या छोट्या डब्यात छोटाच पंखा बसतो, बाबा. तो गरगरा फिरतो आणि बोंबलतो," तिने त्यांच्याकडे तोंड करून सांगितलं. "म्हणून हा पाण्याचा कूलर. ही डबी प्रोसेसरवर बसते, पाणी उष्णता उचलतं, ह्या जाळीत नेतं, आणि जाळीवर दोन मोठे पंखे सावकाश फिरतात."

"म्हणजे मोटारीचा रेडिएटरच की! पण पाणी फिरवतं कोण?"

"ह्या डबीतच पंप आहे."

"पंप!" परगावात गाववाला भेटावा तसा डॉक्टरांचा चेहरा फुलला. त्यांनी डबी तळहातावर घेतली, उलटीसुलटी केली. "एवढासा? ह्याची तर अजून मुंज व्हायचीय."

मग त्यांनी खिशातून आपली लाकडी फूटपट्टी काढली. एका पंख्याचा कूलर लेकीच्या प्रोसेसरला पुरणार नव्हता, तीन पंख्यांचा डब्यात मावणार नव्हता. राहिले दोन पंख्यांचे दोन. एकाला तो फोटोवाला पडदा होता आणि नळ्या आखूड, नेटक्या होत्या. दुसरा काळा, साधा, दिवे ना बिवे, पण नळ्या चार बोटं लांब. डॉक्टरांनी जाळी मोजली, पंखा मोजला, दोन्हींची जाडी एकावर एक धरून मोजली, आणि लेकीने आणलेल्या रिकाम्या डब्यातही पट्टी घालून पाहिली.

"बाबा, ह्या पट्टीचं टोक कुणी कुरतडलंय?" लेकीने विचारलं. लाकडाच्या एका टोकाला खरोखरच बारीक खळगे होते. "उंदीर होते का पंपघरात?"

"होता एक," डॉक्टर म्हणाले आणि पट्टी लगबगीने खिशात घातली. "हा साधा घे. नळी लांब असलेली बरी. उद्या जागा बदलायची वेळ आली तर आखूड नळीला ओढून लांब करता येत नाही."

"पण आखूड सुबक दिसते."

"अगं, झाकण लावल्यावर काय दिसणार? आणि फोटो तरी कुणाचा लावणार आहेस? माझा?"

साधा कूलर पिशवीत गेला.

आता आतली गोष्ट सांगून टाकायला हरकत नाही. डॉक्टरांना गेली काही वर्षं नीट ऐकू येत नव्हतं. चौतीस वर्षं पंपांच्या धडधडीत उभं राहिल्यावर कान शाबूत राहतील कसे? जाड, भारदस्त आवाज थोडेफार कळायचे, बारीक आवाज पार गेले होते. लेकीचा आवाज नेमका बारीक. समोर असली की ओठांवरून समजायचं. पण तिने हौसेने त्यांच्या कानांना हेडफोन लावले की आत नुसती शांतता. पुस्तक संपेपर्यंत डॉक्टर मान डोलवत बसायचे आणि "छान! फारच छान!" म्हणायचे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ज्या माणसाचं सगळं नाव कानावर उभं, त्याने कान गेले हे सांगायचं कुणाला आणि कुठल्या तोंडाने?

घरी आल्यावर बापलेकीने जेवणाचं टेबल अडवलं. एरवी त्या टेबलावर साधा रुमाल पडला तरी आई घर डोक्यावर घ्यायची. आज तिने स्क्रूंसाठी आपणहून वाट्या काढून दिल्या. जाळी बसवायला डब्यात दोन जागा होत्या, तळाशी किंवा बाजूच्या भिंतीला उभी. डॉक्टरांनी क्षणाचाही विचार केला नाही.

"जड वस्तू खाली. पाया पक्का तर थरथर नाही," ते म्हणाले. लेकीने जाळी तळाशी बसवली. डबी वर प्रोसेसरवर बसली. तारा जोडून झाल्या, आणि दुपारचे चार वाजत असताना तिने बटण दाबलं.

पंखे सावकाश फिरू लागले. डॉक्टर खाली वाकले, जुन्या सवयीने डोळे मिटले, आणि मग अभिमानाने ताठ झाले.

"बघ! काही आवाज आहे? मुंगी चालली तरी ऐकू येईल."

लेकीचा चेहरा उतरला होता. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"कोण गुळण्या करतंय इथे?"

आईने डॉक्टरांकडे पाहिलं, लेकीने डॉक्टरांकडे पाहिलं, आणि डॉक्टरांनी त्या दोघींकडे पाहिलं. कॉम्प्युटर गुळगुळ, गुळगुळ करत होता. हे त्या खोलीत एकट्या डॉक्टरांना माहीत नव्हतं.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, मग त्यांच्या अगदी समोर येऊन म्हणाली, "तुम्हांला हा आवाज येत नाहीये?"

"येतोय की. थोडासा. मला वाटलं, सुरुवातीला असा..." डॉक्टरांची जीभ अडखळली. खोटं बोलायला निदान काय चाललंय ते तरी माहीत हवं. ते खुर्चीवर बसले. "नाही येत," ते म्हणाले. "काही येत नाही. तू वाचतेस तेही येत नाही, पोरी. एकही पुस्तक ऐकलेलं नाही मी तुझं."

त्यांचे डोळे भरून आले. शरमेने त्यांना मान वर करवेना.

"कधीपासून?"

"रिटायर व्हायच्या आधी सहा वर्षं."

"अहो, सात," आई म्हणाली. "मला काय कळत नाही? तेव्हापासून मी तुम्हांला पाठीमागून हाक मारायची सोडून दिलीय. समोर येऊन बोलते. तुम्हांला वाटलं, बायकोचं प्रेम उतू चाललंय!"

लेकीला हसू आवरेना, आणि डोळे पुसता पुसता डॉक्टरही हसले. पण तिच्या डोक्यात एक प्रश्न होताच.

"मग ती वर्षं पंप कसे तपासलेत? स्क्रूड्रायव्हर कानाला लावून?"

डॉक्टरांनी खिशातून फूटपट्टी काढली. तिचं कुरतडलेलं टोक दातांत पकडलं, पुढे वाकले, आणि दुसरं टोक त्या चिमुकल्या पंपावर अलगद टेकवलं. खळगे त्यांच्या दातांना बरोबर जुळले.

पंपाची थरथर लाकडातून दातांत आणि दातांतून डोक्याच्या हाडांत नीट उतरेपर्यंत ते तसेच राहिले. मग त्यांनी पट्टी काढली आणि म्हणाले, "हवा धरलीय."

त्यांचा चेहरा आता शरमलेल्या माणसाचा नव्हता.

"पण हा तर सीलबंद आहे, बाबा. हवा शिरणार कुठून?"

"शिरत नाही, असतेच. कुठल्याही बंद यंत्रात चमचाभर राहतेच. आणि हवा नेहमी वर जाते. आपण जाळी ठेवली तळाला, पंप राहिला सगळ्यांत वर. सगळी हवा त्याच्या डोक्यात चढून बसली." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "चूक माझीच. जड वस्तू खाली, जड वस्तू खाली! सगळा जन्म जमिनीत बोल्ट आवळण्यात गेला, हाताला दुसरं सुचतंय कुठे? जाळी उभी कर. वरचं टोक पंपाच्या वर आलं पाहिजे, म्हणजे हवा तिकडे जाऊन गप बसेल."

"उभी केली तर नळी पुरेल?"

डॉक्टरांनी फूटपट्टी लावली. "चार बोटं उरतात की नाही बघ," ते म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांनी मिशीला हात लावला.

नळी पुरली. आखूड, सुबक नळी मुळीच पुरली नसती, हे लेकीने न विचारता कबूल केलं. जाळी बाजूला उभी राहिली. पुन्हा बटण दाबल्यावर मिनिटभर गुळगुळ झाली, मग थांबली. डॉक्टरांनी पट्टी दातांत धरून तपासणी केली आणि अंगठा वर केला. आईने कान लावून दुजोरा दिला. शेवटी लेकीने माइकच डब्याशेजारी ठेवला आणि पडद्यावरची आवाजाची रेघ पाहिली. ती सरळ होती.

"पंपघरात कुणाला सांगितलं नाहीत?" संध्याकाळी लेकीने विचारलं.

"सांगून काय झालं असतं? अख्ख्या शहराचं पाणी बहिऱ्याच्या हाती, असं म्हणाले असते लोक. सगळे जेवायला गेले की मी पट्टी काढायचो."

"त्या वर्षांत एखादा तरी पंप जळला?"

"छे! एकही नाही."

"मग? शहर पाणी प्यायलं ना?" लेक म्हणाली. "आता मंगळवारी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं."

"डॉक्टर कधी डॉक्टरकडे जात नसतो."

"जातो," आई समोर येऊन म्हणाली. "मी वेळ घेऊन ठेवलीय."

नमुना शुक्रवारी गेला. सोमवारी सकाळी उत्तर आलं, "गिरणी बंद झाली, आनंद आहे. पहिलं पुस्तक पाठवत आहोत." लेकीने ते मोठ्याने वाचलं, मग बापासमोर उभं राहून पुन्हा वाचलं, आणि आईने सकाळी सकाळी दुसऱ्यांदा चहा टाकला.

कप रिकामे झाल्यावर लेक डॉक्टरांचा हात धरून त्यांना आपल्या खोलीत घेऊन गेली. टेबलावर एक लाकडी स्पीकर होता. तिने खुर्ची ओढली, त्यांना बसवलं आणि हात पुढे केला.

"पट्टी द्या."

डॉक्टरांनी पट्टी दिली. तिने तिचं एक टोक स्पीकरवर टेकवून घट्ट धरलं आणि दुसरं त्यांच्यापुढे केलं. त्यांनी ते दातांत धरलं. तिने नमुना लावला.

त्यांनी मान डोलवली नाही. छानही म्हटलं नाही. डोळे मिटून ते नुसते बसून राहिले. थोड्या वेळाने एकदम हात वर करून त्यांनी तिला थांबवलं आणि पट्टी तोंडातून काढली.

"इथे थांबलीस तू. मधेच."

"पूर्णविराम होता, बाबा."

"अस्सं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी बाहीने पट्टीचं टोक पुसलं. "पुन्हा लाव. पहिल्यापासून."

"पाऊण तासाचं आहे हं."

"असू दे," ते म्हणाले, आणि त्यांनी पट्टी पुन्हा दातांत धरली.