बंदुकीच्या दारूचा पेटारा

मी एक जुना लाकडी पेटारा आहे, आणि माझ्या मालकाने माझी बांधणी मुद्दाम कच्ची ठेवली.

मित्रांनो, तुम्हाला याचे नवल वाटेल. पेटारा भक्कम असावा, असेच सगळे म्हणतात. पण माझ्या पोटात दारू असायची. हसू नका, ती दारू नव्हे, बंदुकीची दारू! घराला कधी आग लागलीच तर लोखंडी पेटीत कोंडलेली दारू बॉम्बसारखी फुटते. माझ्यासारख्या सैल जोडांच्या पेटाऱ्यात ती भडकते, झाकण उडवते आणि जळून जाते. माणसाला पळायला वेळ मिळतो. म्हणून हाल्व्होरने मला पाइनच्या जाड फळ्यांनी, पण सैल सांधे ठेवून बनवले.

हाल्व्होर त्वेट मोंटानातल्या एका लहान गावात ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रे दुरुस्त करायचा. तिकडे शरद ऋतूत घरोघर हरणाची शिकार होते, आणि त्या मांसावर हिवाळा निघतो. हाल्व्होर शिकारीची काडतुसे विकत आणत नसे. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी तो जपून ठेवी, ती घासूनपुसून पुन्हा भरी. तळाला ठिणगीची टिकली बसवायची, आत मोजून दारू घालायची आणि तोंडाला गोळी दाबायची. दिवाळीत तुम्ही टिकल्या फोडता ना? काडतुसाची टिकली तशीच असते, पण कितीतरी जास्त तापट.

आधी हे सगळे सामान तळघरात शेगडीजवळच्या फळीवर पडलेले असे. मग त्याची मुलगी मार्लिस रांगू लागली. एके दिवशी ती त्या फळीखाली टिकल्यांच्या खोक्याशी खेळताना सापडली. हाल्व्होरची बायको आयडेला पोरीला काखोटीला मारून त्याच्यासमोर उभी राहिली.

"हाल्व्होर, आता तूच ठरव. एक तर तुझी दारू घराबाहेर, नाहीतर मी आणि पोर घराबाहेर."

"इतक्या थंडीत कुठे जाशील?" तो हसत म्हणाला.

"माझ्या आईकडे. तिच्या घरात फक्त बटाटे साठवतात."

त्याच आठवड्यात त्याने फळ्या आणल्या आणि माझा जन्म झाला. घराबाहेर नाही, पण पोरीपासून लांब, मागच्या कोरड्या, थंड खोलीत मला जागा मिळाली. माझ्यात कप्पे होते. एका बाजूला रायफलीची, मंद जळणारी दारू. दुसऱ्या बाजूला पिस्तुलाची, झटकन जळणारी; ती रायफलीत गेली तर रायफलच फुटते. मध्ये उंच उभी फळी. प्रत्येक डबा त्याच्या मूळ झाकणासकट आणि मूळ चिठ्ठीसकट. टिकल्या मात्र माझ्यात कधीच नव्हत्या. त्यांचे छोटे कपाट समोरच्या भिंतीवर, माझ्यापासून लांब होते. ठिणगी आणि दारू यांनी एका पेटीत राहू नये, असे हाल्व्होर म्हणायचा. मला कुलूप होते, आणि किल्ली त्याच्या पट्ट्याला अडकवलेली असे.

कामाला बसताना तो माझ्यातून एकच डबा काढी. तो वापरून, झाकण लावून, परत कप्प्यात ठेवल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नसे. "टेबलावर एका वेळी एकच डबा," असे तो स्वतःशी पुटपुटे. अशा वेळी आयडेलासुद्धा त्याला हाक मारत नसे. कॉफीचा कप दाराबाहेर ठेवून निघून जाई.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. गावातले शिकारी मला बघायला यायचे. हाल्व्होरचा जिवलग मित्र क्लीट एकदा माझे झाकण उघडून म्हणाला, "आयडेला, तुझ्या स्वयंपाकघरापेक्षा हे जास्त टापटीप आहे गं!"

"मग जेवायलाही इथेच बस," आयडेला म्हणाली. "आज पुंगळ्यांची भाजी आहे."

मार्लिस मोठी झाली, बापाकडून नेम धरायला शिकली आणि बापापेक्षा चांगली नेमबाज झाली. लग्नानंतर तिने गावात केस कापण्याचे दुकान काढले. दर महिन्याला ती बापाचे केस कापायला घरी येई. आणि शिकारीचे दिवस जवळ आले की हाल्व्होर फक्त तिच्यासाठी वेगळी काडतुसे भरी. ती भरताना तो सगळ्यात सावकाश काम करी. प्रत्येक काडतूस बोटांत फिरवून उजेडात बघे. दुसऱ्या कुणाची काडतुसे मार्लिसने कधी वापरली नाहीत.

मग हाल्व्होर म्हातारा झाला. नुसता म्हातारा झाला असता तर काही बिघडले नसते.

एके दिवशी त्याने माझ्या कप्प्यात जांभळ्या चेरीच्या मुरंब्याची बरणी आणून ठेवली. आयडेलाला ती सापडली. तिने बरणी उचलली, पदराने पुसावी तशी आपल्या झग्याला पुसली आणि स्वयंपाकघरात नेली. पुढे कधी चष्मा सापडला, कधी एकच मोजा. एकदा एका डब्याचे झाकण उघडेच राहिले होते. तिने ते लावले. मग एका दुपारी तो टेबलापाशीच डुलकी घेत होता, आणि त्याच्यापुढे दोन डबे होते.

माझ्या आयुष्यात टेबलावर दोन डबे मी प्रथमच पाहिले.

आयडेलाने ते दारातून पाहिले. तिने क्लीटला बोलावले.

"किल्ली काढून घे," क्लीट म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा थट्टेचा नव्हता.

"गाडीची किल्ली मी काढून घेतली तेव्हा तो कित्येक दिवस माझ्याशी बोलला नाही. अंगणात गाडीत जाऊन नुसता बसायचा."

"तरी घे."

"क्लीट, त्याला जावयाचं नाव आठवत नाही. आज कुठला वार आहे ते कळत नाही. पण या टेबलाशी बसला की तो हाल्व्होर असतो रे. माझ्याकडे एवढाच उरलाय तो. हाही काढून घेऊ?"

क्लीटने माझे झाकण खाली केले. आयडेला म्हणाली, "शिकारीचे दिवस संपू देत. मग घेते."

त्या शरद ऋतूत हाल्व्होरने मार्लिससाठी काडतुसे भरली. नेहमीसारखीच सावकाश. त्याने माझ्यातून रायफलीच्या दारूचा डबा काढला. अर्धे काम झाल्यावर त्याने तो परत ठेवला, खिडकीबाहेर बघत राहिला, आणि मग पुन्हा हात घातला. या वेळी हात मधल्या फळीच्या पलीकडे गेला. त्याने पिस्तुलाच्या, झटकन जळणाऱ्या दारूचा डबा उचलला. डब्यावर मोठ्या अक्षरांत नाव होते. त्याने ते वाचलेही. पण वाचलेले त्याच्या मनापर्यंत पोहोचले नाही. मी लाकूड. मला तोंड नाही. उरलेली काडतुसे त्याने त्याच दारूने भरली, एकेक उजेडात बघितले आणि खोक्यात नीट लावून ठेवले.

पुढचे मी पाहिलेले नाही. तिथे असलेला क्लीट नंतर आयडेलाला सांगत होता ते ऐकले. मार्लिस गावाबाहेरच्या मैदानावर रायफलीचा नेम तपासत होती. हाल्व्होर बाजूला खुर्ची टाकून बसला होता, मांडीवर कॉफीचा थर्मास होता. पहिले बार सरळ गेले. "शाब्बास, पोरी!" तो ओरडला. पुढच्या बाराला रायफल तिच्या हातातच फुटली.

तिचे डोळे संरक्षक चष्म्यामुळे बचावले. डाव्या हाताची तीन बोटे गेली.

केस कापणारी माणसे तुम्ही पाहिली असतील. डाव्या हाताच्या बोटांत केसांची बट धरतात आणि उजव्या हाताने कातरी चालवतात. मार्लिसला ती बट आता धरता येईना. हिवाळा संपायच्या आत तिने दुकान बंद केले.

मला रिकामे केले तो दिवस मला विसरता येत नाही. गावच्या अग्निशामक दलाची दोन माणसे आली आणि माझ्यातला एकेक डबा बाहेर नेऊ लागली. टिकल्यांचे कपाटही उतरवले. हाल्व्होर धावत आला.

"अरे, कोण तुम्ही? माझं सामान कुठे नेताय? मार्लिसची काडतुसं भरायचीत अजून!"

त्या माणसांनी माना खाली घातल्या. आयडेलाने त्याच्या पट्ट्याची किल्ली सोडवली. त्याने तिचे मनगट घट्ट धरले, पण ती थांबली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि बोटे काम करत होती.

त्यानंतर या घरात रोज तेच होऊ लागले. हाल्व्होर मुलीचा हात बघे आणि दचकून विचारी, "अगं, हे काय झालं?"

सुरुवातीला आयडेलाने त्याला खरे सांगितले. नवऱ्याला खोटे सांगू नये, असे तिला वाटले. तो ऐके, आणि मटकन खाली बसे. गुडघ्यांवर डोके आपटून रडे. झोपून उठला की सगळे पुसले जाई, आणि मुलीचा हात दिसला की तो पुन्हा विचारी. त्याच्यासाठी ती दर वेळी नवी बातमी होती. एकच घाव तो रोज पहिल्यांदा सोसत होता.

"बस झालं, आई," मार्लिस शेवटी म्हणाली. "यापुढे गाडीचं दार."

"म्हणजे?"

"माझा हात गाडीच्या दारात सापडला. मीही तेच सांगणार, तूही तेच सांग."

तेव्हापासून तो रागवू लागला. "दार लावताना बघता येत नाही? लहानपणापासून धांदरट ती धांदरटच!" मार्लिस हसून म्हणे, "चुकलं, बाबा." मग स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडी.

हाल्व्होर दुसऱ्या कुणाला केसांना हात लावू देत नसे. त्याचे केस खांद्यावर आले. एका दुपारी मार्लिस कातरी घेऊन आली. तिने त्याला मागच्या खोलीत, माझ्याशेजारी त्याच्या जुन्या स्टुलावर बसवले. अंगठा आणि उरलेले बोट यांच्यात ती बट धरायची, बट निसटायची, ती पुन्हा धरायची. फार वेळ लागत होता. मग हाल्व्होरने माझे झाकण उचलले आणि रिकाम्या कप्प्यांकडे पाहिले.

"मार्लिस."

"काय, बाबा?"

"मी चुकीचा डबा घेतला ना?"

कातरी थांबली. तिने गाडीच्या दाराचे इतक्या वेळा सांगितले होते की ते शब्द तिच्या ओठांवरच असतील. पण त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिले. ती नजर त्या काडतुसे उजेडात बघणाऱ्या हाल्व्होरची होती. त्या माणसाशी तिला खोटे बोलवेना.

"हो, बाबा."

तो ओरडला नाही. त्याने तिचा तो हात दोन्ही हातांत घेतला आणि जिथे बोटे नव्हती तिथे ओठ टेकले. "तू तरी बघायचं होतंस गं," तो म्हणाला. "एखादं काडतूस उघडून बघायचं होतंस."

"ती काडतुसं तू भरलेली होती, बाबा. मी कशाला बघू?"

मग तिने पुन्हा बट धरली. खाली केस पडले होते. आयडेला दारात आली आणि मागे फिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्लिस नाश्त्याला आली. हाल्व्होरने तिच्याकडे पाहिले आणि त्याच्या हातातला चमचा खाली पडला.

"अगं, हाताला काय झालं?"

"गाडीचं दार, बाबा."

मित्रांनो, आता मी रिकामाच असतो. कुणी माझ्यावर जुनी मासिके ठेवते, कुणी ओला कोट टाकते. त्याचे मला दुःख नाही. माझे एकच मागणे आहे. धोक्याच्या वस्तू आपापल्या जागी, कुलपात ठेवाच. पण ज्याच्याकडे किल्ली आहे त्याच्याकडेही बघत जा. तुमच्या आजोबांचा हात चुकू लागला, शब्द हरवू लागले, तर प्रेमापोटी गप्प बसू नका. किल्ली मागून घ्या. ते रागावतील, अबोला धरतील, अंगणात जाऊन बसतील. तुम्हीही त्यांच्याशेजारी जाऊन बसा, आणि त्यांचा राग जाईपर्यंत उठू नका.