पहाटेचा आकडा

शर्मिष्ठाने स्कूटी कॉलेजच्या फाटकाबाहेरच बंद केली आणि ढकलत आत आणली. आवाज नको होता. पावणेसहा झाले होते. डिसेंबरच्या धुक्यात प्राणिशास्त्र विभागामागच्या तीन टाक्या नुसत्या काळ्या दिसत होत्या. ती पंपाच्या खोलीआड उभी राहिली. पर्समध्ये विभागप्रमुखांच्या नावाचं पत्र होतं: रोजंदारीवरचे दयाराम घरूनच नोंदी लिहितात, त्यांना काढावं.

पाण्यातल्या प्राणवायूचं रजिस्टर तिला पाठ झालं होतं.

टाकी तीन, सकाळी सहा: २.१
टाकी तीन, सकाळी सहा: २.०
टाकी तीन, सकाळी सहा: २.०

असे नऊ दिवस.

चिल्का सरोवरातून आणलेलं समुद्रगवत होतं ते. पहिल्या टाकीत खत नाही, दुसरीत थोडं, तिसरीत भरपूर. तिसरीत शेवाळ माजलं आणि त्याखाली गवताची पाती सडू लागली. दुपारच्या उन्हात हीच टाकी पाण्यात प्राणवायू ओतायची. तो आकडा शर्मिष्ठा स्वतः घ्यायची, चौदाच्या घरातला. रात्री मात्र शेवाळ, गवत, गाळ, सगळेच तो प्यायला बसतात. म्हणजे पहाटेचा आकडा रोज खाली जायला हवा. हा दोनवर बैठक मारून बसला होता. जिवंत पाण्याचा आकडा असा बसत नाही. अंथरुणातला बसतो.

आणि शुक्रवारी तिला हेच आकडे घेऊन समितीपुढे उभं राहायचं होतं. तीन वर्षांची पीएचडी त्यांच्यावर टेकली होती.

सायकलची साखळी कुरकुरली.

आलाच की हा. कानाला मफलर, मफलरवर उरला भागातल्या कारखान्यांची काळी भुकटी. दयारामने चपला काढल्या, मीटरची तार तिसऱ्या टाकीत सोडली आणि ओठ हलवत साठपर्यंत मोजलं. मग मांडीवर रजिस्टर ठेवून लिहिलं.

शर्मिष्ठा पुढे झाली.

"थांबा, दयारामभाऊ."

"अरे दीदी! इतक्या सकाळी? चहा तरी घेतला का?"

ती मीटरवर वाकली. ०.३. रजिस्टरात शाई अजून ओली होती. २.०.

पकडला. क्षणभर तिला नुसतं हलकं वाटलं.

"मीटर काय दाखवतंय आणि तुम्ही काय लिहिलं?"

"हव," दयाराम म्हणाला. "झीरो पॉइंट तीनच आहे. कालबी तेवढंच होतं. मी दोन लिवून राहिलो."

"काहून?"

"कमी लिवलं का तुमाले वाटते, बुढा घरीच झोपला होता."

"मी असं कधी म्हटलं?"

त्याने बोट ओलं केलं, एक पान मागे उलटलं आणि रजिस्टर तिच्यापुढे धरलं.

टाकी तीन, सकाळी सहा: ०.९

त्यावर लाल रेघ. बाजूला लाल अक्षरं, तिचीच, घाईत तिरकी झालेली: "अशक्य. चारच दिवस झालेत खत टाकून. खरंच आला होतात का?"

खालच्या ओळीत ०.८. तीही कापलेली. त्याखाली २.१, आणि पुढे बरोबरची लाल खूण.

"दोनवर तुमी खूण केली," दयाराम म्हणाला. "मले वाटलं, दोन चालते. माह्या पोट्ट्याची उरल्यातली नोकरी गेली दीदी, दिवाळीपासून बसून आहे. घरात कमावणारा आता मीच येकटा."

शर्मिष्ठा पाण्याकडे पाहत राहिली. नऊ पहाटा. त्या आता कुणालाच परत मोजता येणार नव्हत्या.

इमारतीच्या कठड्यावर फिकट उजेड आला. शेवाळात कुठेतरी पहिला बुडबुडा सुटला.

"उजेड आला का आकडा चढते," दयाराम म्हणाला. "लवकर सांगा दीदी, काय लिवू?"

तिने पेनासाठी पर्समध्ये हात घातला. आधी पत्र लागलं, मग पेन. ते लालच निघालं.

दयारामने आपलं निळं पुढे केलं.