लूनिसच्या घरची ओ

आमच्या कबायली गावात सगळ्यांनी मिळून करायच्या कामाची इर्जिक असली की प्रत्येक घरातून एक गडी यावाच लागतो. मी एकेका घराचं नाव पुकारतो, घरवाला ओ देतो, मगच कामाला हात लागतो. ज्या घराचं नाव पुकारलं जात नाही ते घर बुडालं असं समजतात.

उन्हाळ्यात डोंगर पेटला तेव्हा नन्ना ऊर्दिया या म्हातारीचा एकुलता एक मुलगा लूनिस ओल्या फांदीनं आग झोडपत खालच्या घळीत उतरला, तो वर आलाच नाही. पाऊस पडून राख बसल्यावर जळक्या उतारावर पुन्हा आपलेच ओक लावायचं ठरलं. रोपं घरागणिक वाटायची होती. पुकारताना मी लूनिसचं घर गाळलं. म्हातारीच्या जखमेवर मीठ नको, एवढाच विचार.

धुकं दाट होतं. काम सुरू झालं आणि घळीतून कुदळीचा आवाज यायला लागला. एक घाव, मग शांतता, मग पुन्हा एक. आम्ही डोकी मोजली, तर सगळे वरच होते. लूनिस असाच थांबत थांबत खणायचा, असं आमच्यातला अर्झकी पुटपुटला. त्यानंतर कोणी कोणाकडे बघेना. मला भुताखेतांच्या गोष्टींचा संताप येतो. त्या दिवशी भीतीही वाटत होती, म्हणून मीच तणतणत खाली गेलो.

घळीत नन्ना ऊर्दिया खड्डा खणत होती. अंगात लूनिसचा कोट होता.

"नन्ना, घरी चल. तुझ्याकडून गावाला काही नको."

"माझं घर पुकारलंस?"

"पुकारून ओ कोण देणार?"

"ते तुला कशाला? पोरगा तुमच्यासाठी जळला माझा. आणि उन्हाळा सरला नाही तोच नाव टाकलंत त्याचं."

मला लाज वाटली. घसा खाकरून मी नेहमीच्या सुरात पुकारलं, "लूनिसचं घर!"

नन्नाचे ओठ मिटलेलेच होते. वरची माणसं गप्प होती. ओ आली ती आमच्याही खालून, जिथे काळ्या खोडांशिवाय काही नव्हतं. जराशी उशिरा, आळसावलेली, तो द्यायचा तशीच.

नन्नानं मान वर केली नाही. खड्ड्यातली राख हातानं उपसत ती म्हणाली, "ऐकलंस ना? दे मग आमच्या घरचं रोप."